पदपथावरील मुक्काम : शहराने आधी काय करावे?

डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीतील पूसा रोडवरच्या एका गोलचक्करावर बेघरांसाठी उभारलेला तात्पुरता रात्रनिवारा महानगरपालिकेने हटविला. ऑक्टोबर २०१० मध्ये होणाऱ्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी शहराचे सुशोभीकरण तेव्हा सुरू होते. निवारा गेल्यावर त्यात झोपणारी माणसे ऐन थंडीत त्याच परिसरात उघड्यावर आली. थंडीने मृत्यू झाल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि जानेवारी २०१० मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोरही गेला. शहराने जागा मोकळी केली. त्या जागेवरील माणसे मात्र शहरातच राहिली. पदपथावर, उड्डाणपुलाखाली किंवा रेल्वे स्थानकाबाहेर वसलेल्या बेघरांच्या वस्तीबाबत नगर प्रशासनाने काय करावे, या प्रश्नाचा विचार या घटनेपासून करणे सोयीचे आहे.

बेघर कोणास म्हणावे?

घराच्या व्याख्येत न बसणाऱ्या जागी, म्हणजे रस्त्याच्या कडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या नळांत, पुलांखाली, जिन्यांखाली, देवळांच्या मंडपांत किंवा फलाटांवर राहणाऱ्यांची नोंद जनगणना 'बेघर' म्हणून करते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १७.७३ लाख लोक बेघर होते. २००१ मध्ये ही संख्या १९.४३ लाख होती, म्हणजे एकूण आकडा घटला. परंतु ही घट ग्रामीण भागातील आहे. शहरी बेघरांची संख्या याच दशकात ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेली. 'बेघरांचे प्रमाण कमी होत आहे' असे विधान परीक्षेत करताना हा भेद विसरता कामा नये.

झोपडपट्टीवासी आणि बेघर यांतील फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. झोपडपट्टीला कायद्यात स्थान आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९७१ चा स्वतंत्र अधिनियम आहे, पात्रतेची मुदत-तारीख आहे, पुनर्वसनाची योजना आहे. पदपथावर ताडपत्रीखाली राहणाऱ्या कुटुंबाकडे त्या तारखेपूर्वीचा एकही कागद बहुधा नसतो. एकट्याने झोपणाऱ्या मजुराकडे तर ताडपत्रीही नसते. गृहनिर्माणाच्या योजना ज्या पायरीपासून सुरू होतात, तिच्याही खालच्या पायरीवर हा वर्ग उभा आहे.

शिवाय हा वर्ग एकजिनसी नाही. जुन्या दिल्लीतील खारी बावलीच्या मसाला बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमाल, लग्नसराईत भांडी धुणारा मुलगा, सायकलरिक्षा ओढणारा आणि रात्री तिच्यावरच झोपणारा चालक, मोठ्या सरकारी रुग्णालयाबाहेर महिनाभर मुक्काम ठोकलेले रुग्णाचे नातेवाईक, मारहाणीला कंटाळून घर सोडलेली स्त्री, मानसिक आजाराने भटकणारा वृद्ध, हे सगळे एकाच पदपथावर दिसतात. त्यांना हवी असलेली मदत मात्र एक नाही.

ओल्गा टेलिस खटला : निकालाच्या दोन बाजू

जुलै १९८१ मध्ये, भर पावसाळ्यात, मुंबईतील पदपथवासीयांना हटवून मूळ गावी पाठविण्याची घोषणा तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी केली. त्याविरुद्ध दाखल झालेल्या याचिकांवर सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित केले. माणूस पदपथावर राहतो तो कामाच्या जागेजवळ राहावे म्हणून. तेथून उठविले तर काम जाते आणि काम गेले तर जगणे जाते, अशी या तत्त्वामागील साखळी आहे.

या खटल्यावर लिहिताना अनेक उत्तरे येथेच थांबतात, आणि त्यामुळे निम्मा निकाल हातातून निसटतो. पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केलेला नाही. पदपथ पादचाऱ्यांसाठी आहेत आणि महापालिका ते मोकळे करू शकते, असे स्पष्ट करून मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चे कलम ३१४ वैध ठरविण्यात आले. मात्र हे कलम विनासूचना कारवाईची मुभा देते म्हणून सूचना कधी देऊच नये असा त्याचा अर्थ होत नाही, सर्वसाधारणपणे म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे न्यायालयाने म्हटले. १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना पर्यायी जागा देण्याबाबत, तसेच ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा संपून महिना उलटेपर्यंत, कोणालाही न हटविण्याबाबत निर्देश दिले गेले. मूलभूत हक्काची व्याप्ती वाढली आणि तरीही वस्ती उठविण्याचा अधिकार कायम राहिला. पुढील चार दशकांतील सारे वाद या दोहोंमधील जागेत घडत आले आहेत.

त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने भायखळा परिसरातील सुमारे ६ हजार पदपथवासी कुटुंबांची गणना केली. ही माणसे काल-परवा आलेली असतात, कामाविना भटकत असतात, हा समज त्या गणनेने खोटा ठरविला. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच जागी राहत होती आणि कामावर पायी जात होती. त्यांच्या दृष्टीने पदपथाचे मूल्य त्या पायी जाण्यात होते.

दर लाखामागे एक निवारा

दिल्लीतील घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्कासंबंधीच्या प्रलंबित याचिकेत (२००१ ची पीयूसीएल याचिका) रात्रनिवाऱ्यांचा प्रश्न हाती घेतला. २०१० मधील आदेशांतून मोठ्या शहरांसाठी एक मापदंड पुढे आला : दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर व्यक्तींना सामावणारा, चोवीस तास उघडा असणारा एक निवारा. त्याच वर्षी दिल्लीत स्वतंत्र अधिनियमाद्वारे शहरी निवारा सुधारणा मंडळ स्थापन झाले. पुढे सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांसाठी निवारा हा स्वतंत्र घटक समाविष्ट करण्यात आला. प्रतिव्यक्ती किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, स्वयंपाकाची सोय आणि वर्षभर चालणारे कामकाज अशी त्याची मार्गदर्शक तत्त्वे होती.

हा मापदंड लावून पाहिला तर सव्वा कोटी लोकवस्तीच्या बृहन्मुंबईस सुमारे १२५ निवारे हवेत. २०११ च्या जनगणनेत तेथे ५७ हजारांवर बेघर मोजले गेले होते. निवाऱ्यांची संख्या मात्र या मापदंडाच्या जवळपासही पोहोचलेली नाही. दिल्लीने तुलनेने बरेच केले आणि निवाऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात नेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. कैलाश गंभीर समितीने २०१७ मध्ये देशभरातील स्थिती तपासली, तेव्हा अनेक राज्यांत मंजूर निधी पडून असल्याचे दिसले. येथे एक घटनात्मक बाब ध्यानात घ्यावी. नागरी दारिद्र्यनिर्मूलन आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे आहेत. पण जमीन आणि पोलीस राज्याकडे, रेल्वेची आवारे केंद्राकडे आणि निवाऱ्याचा बराचसा पैसाही केंद्राकडून. उड्डाणपुलाखालील एका वस्तीसंबंधीचा निर्णय यांपैकी कोणाचा, हे ठरण्यातच एक हिवाळा निघून जातो.

खाटा रिकाम्या का राहतात?

निवारा बांधूनही शेजारच्या पदपथावर माणसे झोपलेली दिसतात, तेव्हा 'यांनाच सुधारायचे नाही' हा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. हमालाला पहाटे चार वाजता बाजारात उभे राहायचे असते. निवारा पाच किलोमीटरवर असेल तर तो त्याच्या उपयोगाचा नाही. रिक्षाचालक रिक्षा बाहेर सोडून आत झोपणार नाही, कारण ती चोरीस गेली तर तिचे पैसे त्यालाच भरावे लागतात. नवरा-बायको-मुले असे कुटुंब पुरुषांच्या निवाऱ्यात राहू शकत नाही. ढेकूण, तुंबलेले शौचालय, आजारी माणसाला परत पाठविणारा रखवालदार ही कारणे लहान वाटतात. रोज रात्री निवड करणाऱ्यासाठी ती लहान नसतात.

अंतराचा धडा दिल्लीनेच याआधी दिला होता. २००४ मध्ये यमुना पुश्त्यावरील मोठी वस्ती उठविण्यात आली आणि पात्र ठरलेल्या कुटुंबांना शहराच्या टोकाला बवानासारख्या ठिकाणी भूखंड देण्यात आले. भूखंड मिळाला, पण काम जुन्या दिल्लीतच राहिले. प्रवासखर्च परवडेना तेव्हा कित्येक कमावते पुरुष पुन्हा शहराच्या मध्यभागी येऊन झोपू लागले. पुनर्वसनातूनच नवे बेघर निर्माण होऊ शकतात, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

चेन्नईत महानगरपालिकेने सरकारी रुग्णालयांच्या आवारात रुग्णांच्या सोबत्यांसाठी निवारे चालविले. कोणते बेघर कोठे आणि कशासाठी जमतात हे पाहून जागा निवडल्याचा हा चांगला नमुना आहे.

शिक्षेचा मार्ग

दुसरा मार्ग पोलिसांचा. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ अनेक राज्यांनी स्वीकारला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे ही त्यातील भिक्षेच्या व्याख्येत बसते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धतेची तरतूद मूळ कायद्यात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीपुरती त्यातील अनेक कलमे घटनाबाह्य ठरविली. जुलै २०२१ मध्ये भिक्षेकऱ्यांना रस्त्यावरून हटविण्याच्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयानेही अभिजनांचा दृष्टिकोन स्वीकारण्यास नकार दिला.

इतर देशांतही हाच पेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात, निवाऱ्याची जागा उपलब्ध नसतानाही उघड्यावर झोपणाऱ्यास दंड करणे घटनेविरुद्ध नाही, असा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी दिला. फिनलंडने २००८ पासून उलट दिशा धरली : आधी भाड्याचे कायम घर, मग व्यसनमुक्ती, उपचार आणि रोजगार. तेथील दीर्घकालीन बेघरपण लक्षणीय घटले. आपल्याकडील संख्या आणि नगरपालिकांची तिजोरी पाहता ते प्रारूप जसेच्या तसे आणणे शक्य नाही. पण क्रमाचा विचार तेथून घेता येतो.

क्रमाचा प्रश्न

प्रस्तुत लेखकाच्या मते भारतीय शहरांची मुख्य चूक क्रमात आहे. आधी हटवायचे, मग मोजायचे, मग जागा शोधायची. पादचाऱ्याचा, विशेषतः चाकाच्या खुर्चीतून जाणाऱ्याचा, पदपथावरील हक्क खरा आहे आणि रहदारीच्या कडेला लहान मुले झोपणे कोणत्याच अर्थाने सुरक्षित नाही. म्हणून वस्ती कायम राहू द्यावी, असे येथे सुचवायचे नाही. पण रात्री जाऊन कोण, किती, कोणत्या कामाचे हे मोजल्यावाचून, आणि त्या कामापासून चालत जाण्याच्या अंतरात सामान ठेवण्यासह जागा तयार झाल्यावाचून दिलेली सूचना ही केवळ पुढच्या चौकात जाण्याची सूचना ठरते. कुटुंबांसाठी निवारा हा मधला टप्पाच असू शकतो. त्यांना अखेर भाड्याची लहान खोली लागते. एकट्या मजुराला स्वस्त, स्वच्छ खाट बहुधा पुरते आणि तिचे थोडे भाडेही तो देऊ शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो : सोयी दिल्या की लोक काम सोडतील आणि गर्दी वाढेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरी बेघरांच्या निवाऱ्यासंबंधीच्या सुनावणीतच सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फुकट सवलतींमुळे लोक काम करण्यास तयार होत नाहीत, अशी चिंता व्यक्त केली होती. शंका गंभीरपणे घ्यावी अशी आहे. तथापि पदपथावरील बहुसंख्य प्रौढ आजच काम करीत आहेत. काम आहे म्हणून ते तेथे आहेत. रात्री झोप आणि सकाळी आंघोळ मिळालेला मजूर काम सोडतो, असे मानण्यास आधार दिसत नाही. वृद्ध आणि मनोरुग्ण यांच्याबाबत तर हा आक्षेप लागूच होत नाही.

कागदपत्रांविषयी एक तपशील फारसा ठाऊक नसतो. बेघर नागरिकास मतदार म्हणून नोंदणी करता येते. अर्जात दिलेल्या जागी तो खरोखर झोपतो की नाही, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन पाहतो. तसे आढळल्यास पत्त्याच्या पुराव्याची आवश्यकता राहत नाही. म्हणजे पदपथालाही पत्ता मानण्याची सोय प्रशासनाकडे आहे. शिधापत्रिका आणि बँक खाते यांबाबत हीच पद्धत वापरली, तर निवाऱ्यातून पुढे भाड्याच्या खोलीत जाण्याची वाट बरीच सुकर होईल.

नागरी उपजीविका अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. इमारत एकदाच बांधावी लागते. रखवालदार, सफाई आणि पाणी यांचा खर्च दरमहा येतो, आणि तो शहरांच्या अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली राहणार, यावर निवाऱ्यांचे भवितव्य अवलंबून आहे. निवाऱ्यांची गरज ठरते ती मोजणीवरून, आणि मोजणी किती घसरू शकते हे दिल्लीत दिसले आहे : २०११ च्या जनगणनेत ४६,७२४ बेघर, तर २०१४ मधील निवारा मंडळाच्या पाहणीत सुमारे १६ हजार ७००. आगामी जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरला आहे. २०११ मध्ये बेघरांची गणना २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. तीच पद्धत राहिली आणि त्या आठवड्यात एखाद्या शहराने उड्डाणपुलाखालील वस्ती हटविलेली असली, तर प्रगणकाला तेथे कोणीही भेटणार नाही.