काटक माणसाला शुगर कशी?

प्रश्न : आमचं गाव जामखेड तालुक्यात, खर्ड्याच्या बाजूला. माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा, अंगानं काटक, वजन बावन्न किलो. दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी, दिवसभर रानात काम, चहा सोडला तर गोड नाही. तरी शुगर निघाली आणि गोळ्यांनी नीट उतरत नाही. डॉक्टर इन्सुलिन सुरू करू म्हणतात. गावातले लोक म्हणतात, चोरून गोड खात असणार. दुसरीकडे मोबाइलवर फिरतंय की पोटात नव्या पेशी सोडल्या की शुगर कायमची जाते. यात खरं काय? आपल्याकडे हे कुठं करतात? (एक वाचक, जामखेड)

उत्तर : आधी भावावरचा चोरीचा आरोप मागे घ्यायला सांगा. त्याच्या आजाराचे मूळ ताटात असण्यापेक्षा स्वादुपिंडात असण्याची शक्यता जास्त आहे.

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते आणि त्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर असते. त्याचा बहुतेक भाग अन्न पचवणारे रस तयार करतो. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लँगरहान्स नावाचा एकवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखाली हे पिंड तपासत होता. त्याला मधूनमधून वेगळ्याच पेशींचे पुंजके दिसले. त्यांचे काम काय, हे त्याला सांगता आले नाही. चाळिशीतच तो वारला. त्यानंतर काही वर्षांनी, १८९३ मध्ये, लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ हे नाव दिले. माणसाच्या स्वादुपिंडात अशी साधारण दहा लाख बेटे असतात, पण सगळी एकत्र केली तरी वजन भरते एक-दोन ग्रॅम. त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. शरीरातल्या साखरेचा कारभार या चिमूटभर पेशींच्या हाती असतो.

आता शेतातली मोटर डोळ्यांसमोर आणा. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचत नसेल तर कारणे दोन असू शकतात. पाइपलाइन फार लांबली असेल, किंवा मोटरच कमी एचपीची असेल. मधुमेहातही तसेच आहे. पोटावर चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. ही झाली लांबलेली पाइपलाइन. बीटा पेशी मुळातच कमी किंवा अशक्त असतील तर ती लहान मोटर. ‘वजन उतरवा, गोड सोडा, चाला’ हा सल्ला पहिल्या प्रकारासाठी उत्तम आहे. बावन्न किलोच्या माणसाने आणखी काय उतरवायचे?

आपल्या भागात लहान मोटरवाले किती, याचा अंदाज पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून येतो. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रौढ मधुमेहींचे पाच गट पाडले होते. तीच फूटपट्टी केईएमच्या तरुण वयात मधुमेह झालेल्या रुग्णांना लावली आणि निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेल्या गटात निम्म्याहून जास्त रुग्ण निघाले. स्वीडनमध्ये हेच प्रमाण पावाच्या आसपास होते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला टाइप टू मधुमेही म्हणजे वजनदार, प्रौढ माणूस. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात बऱ्याचदा तुमच्या भावासारखा माणूस बसलेला असतो.

मग मोटर लहान का राहते? बीटा पेशींची बहुतेक वाढ आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत होते. पुढे त्या क्वचितच विभागतात. म्हणजे भांडवल लहानपणीच ठरते. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांमध्ये गरोदर बायकांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवली. बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने हलकी होती. पण त्यांच्यात मांस कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. ही मुले अठरा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर सामान्य पातळीपेक्षा वर होती. यांतले बरेच जण चक्क बारीक होते. गर्भातली वाढ खुंटलेली आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन वाढवण्याची बीटा पेशींची ताकद कमी, हे दुखणे लहानपणापासूनच दिसत होते, असे २०२१ मध्ये छापून आले.

याहून अस्वस्थ करणारा प्रयोग उंदरांवरचा आहे. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांच्या वंशाचा अभ्यास डॉ. आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडला. बीटा पेशींना मारणारे औषध दिल्यावर या उंदरांना मधुमेह होण्याचा धोका चांगल्या पोसलेल्या उंदरांच्या आठपट होता. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला घालूनही सगळे पूर्ववत झाले नाही. उंदरांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावू नयेत, हे खरे. पण १९७२ चा दुष्काळ ज्या घरांनी सोसला, त्यांच्या नातवंडांच्या साखरेविषयी बोलताना हा प्रयोग माझ्या मनातून जात नाही.

तुमच्या जामखेडचा इथे थेट संबंध येतो. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायकांनी गरोदर सुनांच्या ताटात काय पडते ते पाहिले, बाळांची वजने घेतली. बीटा पेशी हा शब्दही तेव्हा त्यांच्यापैकी कुणाच्या तोंडी नव्हता. माझ्या मते मधुमेहाविरुद्ध आपल्याकडे झालेल्या सर्वांत परिणामकारक कामांत याची गणना व्हायला हवी, पण मधुमेहाच्या परिषदांत ते नाव फारसे निघत नाही. असो.

भावासाठी करण्यासारखे काय? डॉक्टरांना ‘सी-पेप्टाइड’ तपासणीबद्दल विचारा. शरीर स्वतःचे इन्सुलिन किती बनवते, हे तिच्यातून कळते. जोडीने जीएडी अँटिबॉडीची तपासणी झाली तर शरीर स्वतःच्याच बीटा पेशींवर हल्ला करते आहे का, म्हणजे उशिरा उघड झालेला टाइप वन आहे का, याचा उलगडा होतो. स्वादुपिंडात खडे आहेत का, हे सोनोग्राफीत दिसू शकते. कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये ‘टाइप फाइव्ह’ असे वेगळे नाव दिले, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला. निदान मात्र त्यांनाच करू द्या. आणि इन्सुलिन सुचवले असेल तर घ्या. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, ही भीती आपल्याकडे फार खोल रुतली आहे. ज्याची मोटरच लहान आहे त्याला इन्सुलिन लवकर लागणार, यात पथ्य मोडल्याचा प्रश्नच येत नाही.

आता मोबाइलवरच्या बातमीकडे वळू. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच धोक्याची आहे.

बेटे वेगळी काढण्याची युक्ती अमेरिकेत पॉल लेसी यांनी १९६७ मध्ये दाखवली. कॅनडातल्या एडमंटनमध्ये मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली बेटे काढून ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली. सात रुग्णांचे इन्सुलिन सुटले, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर खळबळ माजली. पण एका रुग्णासाठी दोन-दोन दाते लागत होते, आणि त्यातल्या अनेकांना पुढे काही वर्षांत इन्सुलिन पुन्हा सुरू करावे लागले. नंतर मूलपेशींपासून बेटे तयार करण्याची वाट निघाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाइप वनच्या बारा रुग्णांना अशा बेटांचा पूर्ण डोस दिला होता. वर्षभराने त्यांतले दहा जण इन्सुलिनशिवाय होते. मोबाइलवरच्या बातमीचे मूळ बहुधा इथेच असावे.

तिच्यात न सांगितलेली गोष्ट अशी की या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत राहावी लागतात. त्यांतून संसर्ग, मूत्रपिंडांवर ताण आणि कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ही चाचणी ज्यांची साखर अचानक खाली जाऊन जीव धोक्यात येतो अशांवर झाली. तुमच्या भावासारख्या रुग्णासाठी ती नव्हती. स्वीडनमध्ये जनुके बदललेल्या पेशी ही औषधे न देता एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत सोडल्या आणि त्या टिकल्या, असेही २०२५ मध्ये आले आहे. पण तो एकच रुग्ण आणि पेशीही थोड्याच; इन्सुलिन त्याला लागतेच आहे.

या शर्यतीत पुणेही आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या प्रयोगशाळेने बेटांवर बरीच वर्षे काम केले. हर्डीकर तिथेच घडले. १९९९ मध्ये त्यांनी एक चमत्कारिक निरीक्षण मांडले : मधुमेही उंदरांचे अर्धे स्वादुपिंड कापून काढले, तर उरलेल्या भागात नवी वाढ सुरू होऊन साखर ताळ्यावर आली. पुढे अमेरिकेत २००४ मध्ये हर्डीकर ज्या गटात होते, त्याने माणसाच्या बेटांतल्या पेशी रूप बदलून प्रयोगशाळेत वाढवता येतात, असे ‘सायन्स’मध्ये लिहिले. त्यावर कडाक्याचा वाद झाला. उंदरांवर काम करणाऱ्यांनी सांगितले, या वाढलेल्या पेशी मुळात बीटा पेशी नव्हत्याच. वाद मिटायला वर्षे गेली, पण बेटांतल्या पेशी कुठून येतात हे शोधण्याची पद्धत त्यातून पक्की होत गेली.

‘आपल्याकडे कुठं करतात?’ याचे उत्तर : नेहमीचा उपचार म्हणून कुठेच नाही. रक्ताचे काही आजार सोडले तर मूलपेशी फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरायच्या, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कोणी शुगरसाठी पेशी टोचायचे लाखभर रुपये मागितले, तर ते तिथेच थांबवा. रान गहाण टाकून असल्या ठिकाणी जाणारी माणसे आहेत, म्हणून इतके स्पष्ट लिहितो आहे.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो. मला इन्सुलिन आहे. कोपीत फ्रिज नाही. इन्सुलिन खराब होतं का? (एक वाचक, जामखेड तालुका)

उत्तर : न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, पण वापरातली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर चालते. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतले तापमान, म्हणजे २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान चढउतार, प्रयोगशाळेत जसेच्या तसे तयार करून जिनिव्हाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की चार आठवड्यांनंतरही इन्सुलिनचा जोर टिकून होता. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके, आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बाटली. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात एवढे पुरते. ट्रॅक्टरच्या टपावर किंवा उन्हात पिशवी ठेवू नका. बर्फातही नको, एकदा गोठलेले इन्सुलिन फेकून द्यायचे. पाण्यासारखे स्वच्छ असणारे गढूळ झाले, किंवा दुधाळ असणारे हलवूनही गुठळ्या दाखवू लागले, तर बाटली बदला. साठा महिन्यापुरता न्या आणि पुढचा कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून मिळतो का, ते जाण्याआधीच विचारून ठेवा.

याहून मोठा धोका साखर खाली जाण्याचा. कोयता चालवताना शरीर साखर भराभर वापरते, त्यामुळे घरी बसून ठरलेला डोस फडात जास्त होऊ शकतो. निघण्याआधी डॉक्टरांना कामाचे तास सांगून डोस ठरवून घ्या. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी फडात उतरू नका. खिशात साखरेची किंवा गुळाची पुडी असू द्या. हात थरथरले, घाम फुटला, डोके भणभणले तर तीन चमचे साखर लगेच, आणि पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. टोळीतल्या दोघांना तरी सांगून ठेवा की तुम्ही इन्सुलिन घेता. बेशुद्ध पडलात तर त्यांनी तोंडात पाणी-साखर न घालता, कुशीवर वळवून थेट दवाखाना गाठायचा.