घरबसल्या पदवी : तिचे लाभ आणि तिची किंमत

आपल्या न्यासाच्या पन्नास वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत इतरत्र आला आहेच. आम्ही येथे शिक्षण-साहाय्य समितीपुढे वारंवार येणाऱ्या एका प्रश्नाचा विचार मांडणार आहोत. पूर्वी अर्ज यावयाचे ते महाविद्यालयाची फी, पुस्तके आणि वसतिगृहाचा खर्च यांसाठी. अलीकडे घरी बसून घ्यावयाच्या 'ऑनलाइन' पदवीसाठीही साहाय्य मागितले जाते. ते द्यावे काय, आणि दिल्यास कोणत्या कसोटीवर?

एक अर्ज आमच्या चांगला स्मरणात आहे. अर्जदार भगिनीचे शिक्षण लग्नामुळे बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षी सुटले होते. दोन मुले, सासूबाईंचे आजारपण, दुकानात हिशेब लिहिण्याची नोकरी. रात्री नऊनंतरचा वेळ तेवढा त्यांचा. एका संस्थेच्या प्रतिनिधीने त्यांस आठवडाभर रोज फोन केला आणि आज रात्रीपर्यंत प्रवेश घेतल्यास फीत सूट मिळेल, असे सांगितले. त्यांनी संमती दिली. पुढे फी समजून त्या दरमहा जो हप्ता भरीत होत्या, तो त्यांच्याच नावे काढलेल्या कर्जाचा होता, हे कागद समितीपुढे आले तेव्हा उमगले. अभ्यास सुटला तरी कर्ज सुटणार नव्हते. त्यांची शिकण्याची तळमळ खरी होती आणि घरी शिकण्याची सोयही खरी होती. मग चूक कोठे झाली?

दूर राहून शिकणे ही गोष्ट आम्हां बडोदेकरांस नवी नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणले. फिरत्या पुस्तकालयांच्या पेट्या खेडोपाडी जात. माणूस ज्ञानाकडे येऊ शकत नसेल तर ज्ञानाने त्याच्याकडे जावे, हा त्यामागील विचार. त्याच विचाराने पुढे हैदराबादेस १९८२ मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९४ मध्ये अहमदाबादचे बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा दोष अंतराचा नाही, यंत्राचाही नाही.

नफ्यासाठी ऑनलाइन विद्यापीठ चालविण्याचा प्रयोग अमेरिकेत सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला, म्हणून त्याचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. जॉन स्पर्लिंग या अर्थेतिहासाच्या प्राध्यापकाने १९७६ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ फिनिक्स काढली. नोकरी व संसार सांभाळून शिकू पाहणाऱ्या प्रौढांसाठी तेथील महाविद्यालये सोयीची नाहीत, हे त्याने ओळखले. त्याने संध्याकाळचे वर्ग ठेवले, एका वेळी एकच विषय काही आठवड्यांत पुरा करण्याची पद्धत ठेवली आणि प्रत्यक्ष व्यवसायात असलेली माणसे शिकवावयास घेतली. १९८९ मध्ये संगणकाद्वारे शिक्षण सुरू झाले. हे लाभ नाकारण्याजोगे नाहीत. ज्यांस इतरत्र कोणी दारात उभे करीत नव्हते, अशा अनेकांस येथे प्रवेश मिळाला, आणि ज्यांनी अभ्यास पुरा केला त्यांतील कित्येकांचे भलेही झाले.

१९९४ मध्ये मूळ कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. भागधारकांस वाढता नफा हवा असतो, आणि वाढता नफा म्हणजे वाढते प्रवेश. २०१० च्या सुमारास विद्यार्थिसंख्या साडेचार लाखांच्या वर गेली. यातील मेख अशी की, अमेरिकेत विद्यार्थी सरकारी कर्ज काढतो, ते पैसे संस्थेस पोचतात आणि ऋण विद्यार्थ्याच्या माथी राहते. त्याने पदवी घेतली काय आणि मध्येच सोडली काय, संस्थेस मिळालेली रक्कम बहुतांशी मिळालेलीच राहते.

अमेरिकन सिनेटच्या समितीने अशा तीस कंपन्यांची चौकशी करून २०१२ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील हिशेब बोलका आहे. २००९ साली मिळकतीच्या दर शंभर डॉलरांपैकी सुमारे २३ जाहिरात व विद्यार्थी मिळविण्यावर, १९ नफ्यात आणि १७ प्रत्यक्ष शिकविण्यावर गेले. विद्यार्थी भरती करणारे नोकर ३५,२०२ होते, तर पुढे नोकरी शोधण्यास मदत करणारे अवघे ३,५१२. २००८-०९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी शेकडा ५४ जण २०१० च्या मध्यापर्यंत पदवीविना बाहेर पडले होते.

पुढे कोरिंथियन कॉलेजेस ही मोठी संस्था २०१५ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे ५८० कोटी डॉलरांचे कर्ज २०२२ मध्ये सरकारला माफ करावे लागले. मोठमोठ्या कंपन्यांत नोकरीची संधी असल्याचा भास जाहिरातींतून निर्माण केल्याच्या आरोपावरून फिनिक्सने २०१९ मध्ये १९ कोटी १० लाख डॉलरांची तडजोड केली, मात्र दोष मान्य केला नाही.

आपल्याकडे नफा वाटून घेण्यासाठी विद्यापीठ काढण्यास कायद्याची मुभा नाही. तथापि विद्यापीठांसाठी जाहिरात व प्रवेशाचे काम कंपन्या करू लागल्या आहेत. पदवीचा अभ्यासक्रम मक्त्याने दुसऱ्याकडे देता येणार नाही, अशी ताकीद विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये दिली. त्याच वर्षी आयोगाने हेही स्पष्ट केले की, मान्यताप्राप्त विद्यापीठाची नियमानुसार घेतलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा यांसारख्या शाखांची पदवी मात्र अशा रीतीने घेता येत नाही.

या सर्वांवरून आमचा निष्कर्ष असा. संस्था नफा मिळविते की नाही, एवढ्यावर निर्णय होत नाही. पेढीवालाही नफा घेतो आणि चोख माल देतो. विचारावयाचे ते हे : विद्यार्थ्याने नाव घातले की संस्थेचा लाभ पुरा होतो, की त्याने अभ्यास पार पाडल्यावर? जेथे सारा लाभ प्रवेशापाशीच आहे, तेथे सारी कळकळही प्रवेशापाशीच संपण्याची भीती आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने सहीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. आयोगाच्या यादीत त्या विद्यापीठाचे आणि त्याच अभ्यासक्रमाचेही नाव आहे काय? मध्येच सोडल्यास किती पैसे परत मिळतील, हे लेखी आहे काय? हप्ता संस्थेचा आहे की कोणा सावकारी कंपनीचा? आणि तीच पदवी एखाद्या सरकारी मुक्त विद्यापीठात किती रुपयांत मिळते? 'आजच भरा' म्हणणाऱ्यास 'उद्या सांगतो' हे उत्तर पुरे.

न्यासापुढेही आम्ही एक सूचना ठेवतो. ऑनलाइन पदवीसाठी साहाय्य अवश्य द्यावे, परंतु ते एकरकमी नसावे. प्रत्येक सत्राची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढील सत्राची रक्कम द्यावी. पहिल्या सत्राची जबाबदारी मात्र न्यासाने विश्वासाने उचलावी, कारण गरजूस पहिले पाऊलच जड असते.

त्या भगिनीचे कर्ज फेडण्यास न्यासाने बिनव्याजी रक्कम दिली. आज त्या एका मुक्त विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षास आहेत, आणि अभ्यास अजूनही रात्री नऊनंतरच चालतो. न्यासाचे पुढील अर्धशतक अशा दिव्यांत तेल घालण्यात जावो, हीच इच्छा.