दुखणे दिसत नाही म्हणून ते नसते काय?



मी पालघरच्या एका शाळेत शिक्षक आहे. आजचा पाठ माझ्याच एका चुकीपासून सुरू करतो, कारण अशी चूक आपल्या पुष्कळ घरांत रोज घडते.

माझ्या वर्गात बोईसरहून एक मुलगी येई. तिचे आईवडील विदर्भातून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले आणि इथेच त्यांनी धम्मदीक्षा घेतली. ही मुलगी महिन्या-दीड महिन्याने तीन-चार दिवस गैरहजर राही. विचारले तर म्हणे, "सर, हातपाय फार दुखत होते." सूज नाही, जखम नाही. एकदा भर वर्गात मी म्हणालो, "परीक्षा जवळ आली की तुझे पाय बरे दुखतात!" मुले हसली. त्या दिवसापासून तिने कारण सांगणेच सोडले.

पुढे सरकारी रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा सिकलसेल निघाला. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडा-सांध्यांत असह्य कळा येतात. कळ ओसरली की माणूस पुन्हा चारचौघांसारखा दिसतो. म्हणूनच त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

त्या घरावर काय काय बोलणी आली ते ऐका. मी मुलीला आळशी ठरवले. शेजारीण म्हणाली, "घरातले देव काढून टाकलेत, त्याचे हे फळ. भगताकडे न्या." आजीने मागच्या जन्मीचे पाप काढले. नातेवाइकांनी आईला बोल लावला, "हा तुझ्या माहेरचा रोग." अखेर वडील माझ्याकडे आले आणि खाली मान घालून म्हणाले, "सर, देव्हारा परत मांडू काय?"

बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर धम्मात आहे.

१) दोन बाण. संयुक्तनिकायातील सल्लसुत्तात तथागतांनी एक दृष्टांत दिला आहे. अज्ञानी माणसाला शरीराची वेदना होते. तो तिच्यावर शोक करतो, छाती पिटतो, आणि मनाचीही वेदना ओढवून घेतो. एक बाण लागलेल्या माणसाला दुसरा बाण लागावा तसे हे आहे. शहाण्या श्रावकाला शरीराचा बाण लागतो, मनाचा लागत नाही. वेदना तथागतांनी नाकारलेली नाही, हे ध्यानात घ्या. पहिला बाण खराच असतो. दुसरा बाण ज्याचा त्याने टाळायचा असतो. पण लहान मुलीच्या हातात तो बाण आपणच देत असलो, तर दोष कोणाचा?

२) मागच्या जन्माचे पाप. राजगृहाच्या वेळुवनात सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी वेदनेची आठ कारणे सांगितली: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. सर्वच वेदना पूर्वकर्माने होते असे म्हणणारे चुकतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही मागील जन्माच्या कर्माची कल्पना नाकारली आहे. सिकलसेल मुलाला आईवडील दोघांच्या रक्तातून मिळतो, एकट्या आईकडून नव्हे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. देव काढल्याने तो येत नाही आणि देव मांडल्याने तो जात नाही.

३) निरुपयोगी माणूस. विनयपिटकात एका भिक्खूची हकीकत आहे. तो अतिसाराने आपल्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आणि आनंदांनी त्याला आपल्या हातांनी धुतले, उचलून अंथरुणावर निजवले. मग तथागतांनी संघाला विचारले, याची सेवा कोणी का केली नाही? उत्तर आले, हा आमच्या काही उपयोगाचा नाही. संघाची ती वृत्ती तथागतांनी सुधारली. आपल्या घरात काम न होणाऱ्या सुनेला, मुलाला, म्हाताऱ्याला आपण काय म्हणतो, हे प्रत्येकाने आठवावे.

४) बाबासाहेबांचे नाव. काही जण आजाऱ्याला म्हणतात, "बाबासाहेब आजारपणात ग्रंथ लिहीत होते, आणि तुला साधी कंबरदुखी सोसवत नाही?" हे बोलणे योग्य नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. ते औषधोपचार घेत होते. १९४८ पासून डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या सोबत होत्या, आणि नानकचंद रत्तू टंकलेखनाला व सेवेला होते. त्यांनी मदत नाकारली नाही. स्वतः तथागतांनीही कपिलवस्तूच्या सभागृहात पाठ दुखते म्हणून पुढचा उपदेश आनंदांकडे सोपवला आणि ते आडवे झाले. विसावा घेण्यात लाज कसली?

आता घरी काय करावे ते सांगतो. कुटुंबात कोणाला वारंवार अशा कळा येत असतील, तर सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. लग्न ठरवण्याआधी दोघांचेही रक्त तपासा. आजारी मुलाला भरपूर पाणी द्या, थंडी-पावसापासून जपा, औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. ताप आला, छातीत दुखले किंवा दम लागला, तर वाट न पाहता रुग्णालयात न्या. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात या आजाराचा समावेश आहे, हेही माहीत असू द्या.

दुखणे कंबरेचे असो, संधिवाताचे असो की डोक्याचे, "मला दुखते" असे माणूस म्हणाला की आधी ते खरे माना. जगातील वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना माणसाच्या स्वतःच्या सांगण्याचा मान राखावा असे म्हटले आहे. मग विचारा, "आता काय करू? पाणी देऊ, शेकू, की एकटे पडू देऊ?" उपदेश नंतरही करता येतो.

त्या घरात देव्हारा पुन्हा आला नाही. मुलीची तपासणी आणि औषध नेमाने चालू आहे. मी तिची माफी मागितली, आणि ती भर वर्गात मागितली, कारण अपमानही भर वर्गातच केला होता. आता दुखले की ती सांगते.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर हा पाठ घरात वाचा. मग आपल्या घरी कोण गप्प राहून सोसत आहे, ते एकमेकांना विचारा.

जयभीम!