थंडीत जोडीदाराकडे परदेशी निघताना

लग्न ठरलेलं किंवा नुकतंच झालेलं, जोडीदार जर्मनीत नोकरीला आणि तुम्ही बडनेऱ्यात. त्याला सुट्टी नाताळात, म्हणून तुमचं तिकीटही नेमकं डिसेंबरचं. अशा प्रवासाआधी लोक सर्दी-तापाच्या गोळ्या लिहून घ्यायला येतात. त्या जरूर न्या, पण तयारी महिनाभर आधी सुरू करा. फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली बरी, कारण तिचा परिणाम यायला तेवढा वेळ लागतो.

आपल्या विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, म्हणून त्याची चाचणी आधी करा. सोल्युबिलिटी ही साधी रक्तचाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. नुसत्या वाहकाला प्रवासात सहसा त्रास होत नाही. मात्र ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याला थंडी, पोटात पाणी कमी जाणं आणि प्राणवायू कमी पडणं या तिन्हींपैकी कशानेही असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. या प्रवासात तिन्ही एकत्र येतात. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंची. अशांनी डॉक्टरांच्या संमतीशिवाय तिकीट काढू नये. लग्न व्हायचं असेल तर चाचणी दोघांनीही करावी. दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

तुमचं बसून राहणं बडनेरा स्टेशनवरूनच सुरू होतं. रात्रीच्या गाडीने मुंबई, विमानतळावरचे तास, पुढे आठ-नऊ तासांचं विमान. एवढा वेळ पाय लोंबकळत राहिले की पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, वजन जास्त असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर धोका वाढतो. तासा-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी टाचा वर-खाली करा. वारंवार लघवीला उठावं लागेल म्हणून पाणी टाळू नका.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात ठेवा. सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण इथला ब्रँड तिकडे ओळखू येत नाही. इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकू नका. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. दम्याचा पंप कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. थंड, कोरड्या हवेत बाहेर पडताच धाप लागू शकते. प्रवास विमा घेताना जुना आजार लपवू नका, आणि तो विम्यात धरलाय का हे वाचून घ्या.

आपल्याकडे पारा बारा-तेरा अंशांवर आला की कानटोप्या निघतात. म्युनिकला डिसेंबरात दुपारीसुद्धा बहुधा चार-पाच अंशांच्या वर जात नाही. एका जाड स्वेटरपेक्षा तीन थर चांगले: अंगालगत थर्मल, मध्ये लोकर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. सुती बनियन घामाने ओलं राहतं आणि अंग गार पडतं. बोट पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नका, हीटरवर धरू नका; कोमट पाण्यात ठेवा आणि संवेदना परतली नाही तर दवाखाना गाठा. मधुमेहींनी बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये, भाजलेलं कळत नाही. बर्फावर छोटी पावलं टाका आणि हात खिशाबाहेर ठेवा.

तिथे दुपारी साडेचारच्या सुमारास अंधारतं. जोडीदार कामावर गेला की घर खायला उठतं, झोप बिघडते, रडू येतं. सकाळच्या उजेडात अर्धा तास फिरून या आणि मन जड झालंय हे त्याला स्पष्ट सांगा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती लपवण्याची. इतक्या महिन्यांनी भेटलोय, त्याची सुट्टी वाया जाईल, म्हणून ताप अंगावर काढला जातो. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, सिकलसेलच्या वेदना किंवा न उतरणारा ताप, यांपैकी काहीही झालं तर त्याच तासाला जोडीदाराला सांगा. छातीत दुखत असेल किंवा श्वास लागत असेल तर ११२ वर फोन करा. युरोपीय संघात कुठेही हा क्रमांक चालतो. परतल्यावर महिनाभरात पाय सुजला तरी डॉक्टरांना आधी विमानप्रवासाचं सांगा.