दिवसभर राबतो, मग आणखी चालायचं कशाला?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी सांगत होते, "रोज अर्धा तास चाला, प्रतिकारशक्ती चांगली राहते." तर एक मावशी म्हणाल्या, "पोरी, खुरपून खुरपून पाठ मोडती, आन तू आणखी चालायला लावती व्हय?" सगळ्या हसल्या. मला काही उत्तर देता आलं नाही. म्हणून या वेळचा पाठ त्यावरच.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. अंगात शिरलेला जंतू ओळखायचा आणि मारायचा, हे त्यांचं काम. त्यातल्या बऱ्याच एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतीला किंवा प्लीहेत थांबून असतात. आपण भरभर चालायला लागलो, छाती धडधडली, की त्या सुटून रक्तात येतात आणि तिथून फुप्फुसं, आतडी अशा जंतू शिरायच्या जागी गस्त घालायला जातात. काही तासांत सगळं पहिल्यासारखं होतं. म्हणून महिन्याचं चालणं एकाच दिवशी उरकून भागत नाही.

दुसरं, अवधाण. पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते ना? ती या पेशींची चौकीच. अशा चौक्या काखेत, मानेतही आहेत, आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्यांतून लसिका नावाचा रस वाहतो. रक्ताला ढकलायला हृदय आहे, या रसाला तसा पंप नाही. हातपाय हलले, श्वास खोल गेला की तो चांगला पुढे सरकतो.

अमेरिकेत डेव्हिड नीमन या संशोधकाने १९९० साली एक अभ्यास मांडला. वजन थोडं जास्त असलेल्या ३६ बायका घेतल्या. त्यातल्या काहींना १५ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, ४५ मिनिटं भरभर चालायला लावलं. त्यांचे सर्दी-खोकल्याचे दिवस न चालणाऱ्यांच्या साधारण निम्मे भरले. अभ्यास छोटाच, पण पुढे मोठ्या अभ्यासांतही असंच दिसलं.

पण त्याच संशोधकाने १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनचे धावपटूही तपासले होते. ४२ किलोमीटर धावलेल्यांपैकी शंभरात सुमारे १३ जण पुढच्या आठवड्यात सर्दी-तापाने आजारी पडले. तयारी करूनही न धावलेल्यांत फक्त २. आता हे धावल्यामुळे झालं, की गर्दी, प्रवास आणि जागरणामुळे, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला आपली वारी आठवली. आळंदीहून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. वर्षभर न चालता एकदम दिंडीत निघायचं, ओल्या कपड्यांत, अर्ध्या झोपेत वाखरी गाठायची, आणि घरी येऊन अंथरूण धरायचं! जायचं असेल तर दोन महिने आधीपासून पाय सवयीचे करा.

आणि चालणं म्हणजे कवच नव्हे. इंग्रजांच्या काळात पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ यायची, तेव्हा शेकडो मैल चालून आलेले काटक वारकरीही दगावायचे. दोष पाण्याचा होता. पाणी उकळणं आणि लस घेणं यांना व्यायाम हा पर्याय नाही.

आता मावशींचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि त्यात शेतातलं, घरातलं कामही धरते. म्हणजे खुरपणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या बाईला वेगळं फिरायला जायची गरज नाही. तिला पोटभर जेवण आणि सात तास झोप हवी. (हे घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा.) थोडं चाललं तरी धाप लागत असेल तर आधी उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. रक्त कमी असेल तर प्रतिकारशक्तीही कमी पडते, आणि तिथं नुसत्या चालण्याने काही होत नाही.

चालायचं कोणी? बसून अगरबत्ती वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या ताईंनी. साखरेचा आजार असलेल्यांनी तर नक्कीच, कारण वाढलेली साखर पांढऱ्या पेशींना दुबळं करते आणि चालताना स्नायू तीच साखर वापरतात. गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी मात्र निघू नका. वेग किती? शेजारणीशी बोलता यावं, पण अभंग म्हणायला दम पुरू नये, इतका. ताप असेल, अंग मोडून आलं असेल, तर त्या दिवशी घरीच पडून राहा.

मावशींना परवा भेटून हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मला नको, माझ्या सुनेला सांग. दिवसभर मशीनवर असती." सूनबाई आता संध्याकाळी डेअरीला दूध घालायला गाडी सोडून पायी जातात.