पाटी फाडली की शिकार बदलते

कोराडीच्या आईबाबांनो, नवरात्रात जगदंबेच्या यात्रेत खेळण्यांच्या दुकानापुढं आपलं पोट्टं कशासाठी हटून बसतं, हे तुम्हाला सांगायला नको. प्लास्टिकची बंदूक! घरी आली की पहिला बार आजीवर, दुसरा मांजरीवर. त्यात मोबाइलवर बग्ज बनी या सशाची जुनी कार्टूनं बघून झाली असतील, तर विचारूच नका. ‘हे बघून पोरं बिघडतात का हो?’ असं आया विचारतात. माझं म्हणणं, बघू द्या, पण एकट्यानं नको.

एक तर ही कार्टूनं खास लहान मुलांसाठी काढलेलीच नव्हती. थिएटरात मुख्य सिनेमाआधी सातेक मिनिटं दाखवायची, समोर सगळ्या वयाचे प्रेक्षक. टेक्स एव्हरीच्या 1940 सालच्या ‘अ वाइल्ड हेअर’मध्ये एल्मर फड नावाचा शिकारी दबकत सशाच्या बिळापाशी येतो, आणि ससा गाजर चावत त्यालाच ‘काय चाललंय’ म्हणून विचारतो. चक जोन्सचं ‘रॅबिट फायर’ 1951 सालचं. त्यात झाडावर शिकारीच्या हंगामाची पाटी असते. सशाच्या हंगामाची पाटी फाडली की खाली बदकाची, ती फाडली की पुन्हा सशाची. ससा आणि डॅफी बदक ईर्ष्येनं फाडत सुटतात. मध्येच बार उडतो, डॅफीची चोच गर्रकन मागं फिरते. तो ती हातानं सरळ करतो आणि पुन्हा भांडायला उभा! शेवटची पाटी निघते ती एल्मरच्याच शिकारीची.

आता शेजारी बसून विचारा, ‘बदकाला लागलं का रे?’ चार वर्षांचं मूल बहुधा म्हणेल, ‘नाही, उठलं ना ते.’ लगेच शिकवायला धावू नका. ‘आणि आपल्या मांजरीला लागलं असतं तर?’ एवढंच विचारा आणि गप्प राहा. त्या गप्प बसण्यात पोरं बरंच काही जुळवतात.

2020 साली या पात्रांची नवी मालिका आली, तेव्हा एल्मरच्या हातून बंदूक काढून लांब दांड्याचा विळा दिला. सुरुंग मात्र तसेच राहिले! मला तर याचं हसूच आलं. बंदूक चित्रातून पुसता येते, यात्रेतून कशी पुसणार? आणि गंमत कुणाच्या बाजूनं आहे तेही बघा ना. लेकीकडं निघालेली, परतताना भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी आपली म्हातारी त्या सशाच्याच घराण्यातली. दुबळ्यानं बलवानाला फजीत केलं की पोरं टाळ्या पिटतात.

पण आपण विदर्भात राहतो. शिकारी आणि वाघ इथं फक्त पडद्यावर नसतात. टी-1, म्हणजे अवनी वाघीण, नोव्हेंबर 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात गोळी घालून मारली गेली. 13 माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. पुढं वाद, कोर्टकज्जे खूप झाले. मोठं मूल विचारेल, ‘मग वाईट कोण?’ घाईनं कुणाचं नाव घेऊ नका. शेतात गेलेला माणूस घरी आला नाही, त्या घराचंही सांगा आणि वाघिणीमागं राहिलेल्या दोन बछड्यांचंही. त्यांतल्या मादीला नंतर पकडून पेंचला नेलं. इथं कार्टूनसारखी पाटी फाडून सुटका नाही, हे आठ-दहा वर्षांच्या पोराला कळतं. चार वर्षांच्याला हे सारं सांगायची गरज नाही.

आणि गोरेवाडा तर आपल्या हाकेच्या अंतरावर. तिथल्या सफारीत एकदा न्या. वाघ सावलीत आडवा पसरलेला दिसेल, शेपटीनं माश्या हाकलत. ‘हा तर काहीच करत नाही!’ म्हणून पोरगं कुरकुरेल. कुरकुरू द्या, आणि गाडी पुढं सरकेपर्यंत त्याला बघत राहू द्या.