नांवाचें नांव

कर्जतहून खोपोलीच्या गाडींत बसलें म्हणजे पळसदरी, केळवली, डोलवली व लौजी हीं स्थानकें मागें टाकून आपण खालापूर तालुक्यांतील खोपोलीस पोंचतों. कर्जत धरून एकंदर ६ स्थानकें झालीं. हीं वेबपानावर दाखविण्यासाठीं एका विद्यार्थ्यानें पीएचपी भाषेंत प्रोग्राम लिहावयास घेतला, असें समजूं.

बीजगणिताप्रमाणें येथेंही चल असतें. चल म्हणजे नांवाची चिठ्ठी लावलेला डबा. पीएचपींत त्या नांवापूर्वीं डॉलरचें चिन्ह लिहितात. आपल्या विद्यार्थ्यानें स्थानक१, स्थानक२ अशीं ६ चलें करून त्यांत कर्जत, पळसदरी वगैरे क्रमानें ठेविलीं. तीं दाखविण्यास ६ ओळी लागल्या असत्या. त्या टाळण्यासाठीं त्यानें युक्ति केली. १ पासून ६ पर्यंत मोजीत जावें, दर वेळीं ‘स्थानक’ ह्या शब्दास तो अंक जोडावा, आणि झालेला शब्द ‘नांव’ नामक दुसऱ्या चलांत ठेवावा. मग ‘नांव’ ह्यापूर्वीं डॉलरचीं दोन चिन्हें लिहिलीं, कीं आंतल्या चिन्हानें ‘स्थानक३’ हा शब्द मिळतो, व बाहेरच्या चिन्हानें त्या नांवाच्या डब्यांतील ‘केळवली’ हातीं येते.

युक्ति चतुर खरी. परंतु तींत धोका आहे. मूल्य ठेवतांना शब्दांत एक अक्षर चुकलें, तर पीएचपी तक्रार न करितां नवाच डबा निर्माण करते.

याहून मोठा धोका परक्याच्या हातून येतो. रास्मुस लेरडॉर्फ यांनीं १९९५ सालीं लोकांस दिलेल्या ह्या भाषेंत पूर्वीं अशी सोय असे कीं, पाहुण्यानें वेबपत्त्यांतून धाडलेलीं नांवें आपोआप चलें होत. प्रोग्राम लिहिणारा ‘परवानगी’ ह्या चलास आरंभीचें मूल्य देण्यास विसरला, तर परका तेंच नांव धाडून आंत शिरे. म्हणून २००२ सालीं, ४.२.० आवृत्तींत, ही सोय मुळांत बंद ठेवण्यांत आली, व २०१२ सालीं ५.४ आवृत्तींतून ती काढूनच टाकली.

मग सरळ मार्ग कोणता? ॲरे. ‘स्थानकें’ हें एकच नांव ठेवावें, व त्यांत क्रमांकाचे कप्पे करावे. मोजणी शून्यापासून होते. म्हणून कर्जत ० व्या कप्प्यांत, खोपोली ५ व्या कप्प्यांत. कप्प्यास अंकाऐवजीं शब्दही चालतो. चुकीचा शब्द आला तरी तो त्या ॲरेंतच राहतो. शेजारच्या चलांस धक्का लागत नाहीं.

तात्पर्य, आपल्या घरांतील डब्यांस नांवें देण्याचा अधिकार वाटसरूस देऊं नये.

अभ्यास: खोपोलीहून कर्जतकडे परतणाऱ्या गाडीचीं स्थानकें त्याच ॲरेंतून कशीं वाचाल, तें वहींत लिहून आईबापांस समजावून सांगा.